सातवं बंदर, भाग तीनशे बारा

पाली, उत्तन
२४ ऑगस्ट २०२५

उत्तम, मेल्या,

जिवंत हायस ना? मी हाय. गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, साधीच निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टरीण म्हणाली, तीन महिने तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाय. माझी बायको त्या डॉक्टरणीला पापलेट पाठवणार हाय म्हणे, इतकी ती खूश.

पोरं म्हणतात मोबाईलवर टाइप करा. माझी बोटं दोर ओढून ओढून जाड झालीत, एक अक्षर दाबायला जावं तर तीन उठतात. म्हणून हा कागद. आमची पोरगी क्रिस्टल रोज मीरा रोडला दातांच्या दवाखान्यात कामाला येते, ती तुझ्या वॉचमनकडे देईल. तू पण उत्तर तिथंच ठेव.

आता खाली बस आणि वाच. ‘सातवं बंदर’ सापडलं! सगळं! कोणी एक नाशिकचा येडा हाय, त्यानं घरच्या कॅसेटींवरून सगळे सहाशे अकरा भाग युट्यूबवर टाकलेत. क्रिस्टलनं टीव्हीला जोडून दिलं. रोज चार भाग हाणतो. बोट मेव्हण्याच्या हवाली केलीय, मी आपला खाटेवर पडून अवकाशात. मधूनमधून बंद पडत सतरा वर्षं चाललेली सिरीयल रे, रविवारी सकाळी साडेनऊची, आणि आमची चर्चमधली मिस्सा पण नेमकी साडेनऊची! अर्धे भाग मी सोमवारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तुझ्या तोंडून बघितलेत. आता खरे बघतो तर कळतं, यानं थर्माकोलची हायत आणि मागच्या भिंतीवर प्रेशर कुकरची झाकणं लावलीत. पण एकदा ती बंदराची मास्तरीणबाई खिडकीत उभी राहिली, की झाकणं दिसत न्हायत.

माझा एक नंबर सांगतो: ‘मिठाचा ग्रह’. तिथला समुद्र आटलेला, पोरांना मासा म्हणजे काय ते ठाऊक न्हाय. म्हातारा कोळी त्यांना कोरड्या मिठावर जाळं टाकून दाखवतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. त्या नटाला जाळं फेकता येत न्हाय, ओली चादर झटकावी तसं झटकतो. तरी मी रडलो. बायको ओरडली, टाके तुटतील म्हणून. दोन नंबर: ‘सोळा माणसं, पंधरा खुर्च्या’. यानात हवा पंधरांपुरती. सोळातला एक यंत्र हाय, पण कोण ते त्याचं त्याला ठाऊक न्हाय. शेवटी जेवण बनवणारा उठतो नि म्हणतो, मीच असणार, मला कधी भूकच लागत न्हाय. काय लिहिलंय रे!

अजून तीनशे बारावर पोचलो न्हाय. मुद्दाम ठेवलाय. आमचा धाकटा स्टीवन दर्यात हरवला ते आठ नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव. लग्नाला पाचच महिने झालेले त्याच्या. आमच्याकडे दुखवट्याला वर्षभर टीव्ही लागत न्हाय, आयनं त्याच्यावर चादर टाकली. मग तू मना दर रविवारचा भाग इनलँडवर लिहून पाठवायचास, मुंगीच्या अक्षरात, दुमडायच्या पट्टीवर सुद्धा. त्यातला ‘हजेरी’, तोच तीनशे बारावा, मी त्याच्या बायकोला, टेरेझाला, वाचून दाखवला होता. मास्तरीणबाईच्या नवऱ्याचं यान हरवतं, ती रोज संध्याकाळी हजेरीला त्याचं नाव पुकारते, आणि सत्तावीस वर्षांनी उत्तर येतं, “हजर. उशीर झाला.” काळाच्या घडीत अडकलेला असतो, त्याची एकच रात्र झालेली, तसाच तरणा. टेरेझानं दुसऱ्या दिवशी टीव्हीवरची चादर ओढून काढली. म्हणाली, दुखवटा मेलेल्याचा करतात, आमच्याकडे कोण मेलं न्हाय.

येत्या आठ नोव्हेंबरला सत्तावीस वर्षं पुरी होतात. मी खुळा न्हाय, सिरीयल ती सिरीयल. पण पलीकडे पाकिस्तानच्या जेलमधून माणसं वर्षांनी सुटून येतात ते आपण बघतोच ना? टेरेझाला मी कागदावर लिहून दाखवलं, तीनशे बारा त्या दिवशी सगळे मिळून बघू. तिनं खोलीला रंग द्यायला घेतलाय.

तू पण ये. बस येते की रे स्टेशनवरून. दोन वर्षांत फिरकला न्हायस.

बॉस्को


मीरा रोड
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय बॉस्को,

तुझं पत्र वॉचमनने दिलं तेव्हा मी आरतीला ताम्हण घेऊन उभा होतो. सात दिवसांचा गणपती आहे घरी, सुचेताचं माहेर सगळं इथेच मुक्कामाला, बाथरूमला नंबर लावून जावं लागतंय. तरी गॅलरीत जाऊन वाचलं. गाठ साधी निघाली हे वाचून हातपाय जागेवर आले. बाबा रे, असं काही असलं तर आधी कळवायचं की नाही?

आणि ‘मिठाचा ग्रह’ एक नंबर? तू म्हणजे कमाल आहेस! मासा दिसला की तुझा जीव विरघळला. खरा एक नंबर ‘उलटं घड्याळ’. तो मेकॅनिक रोज एकेक दिवसाने लहान होत जातो आणि त्याची मुलगी मोठी होत जाते. आधी ती त्याच्या खांद्यावर बसते, मग दोघं एका वयाची होऊन भांडतात, मग ती त्याला शाळेत सोडते. शेवटी मांडीवर घेऊन अंगाई म्हणते. मी हे आमच्या अभिनवला लहानपणी रात्री सांगायचो, तर तो म्हणायचा, “बाबा, तुम्ही पण लहान होणार?” आता पुण्याला असतो, फोन केला की म्हणतो मीटिंगमध्ये आहे. असो.

दुसरा ‘वजनकाटा’. बंदरावर माल मोजणारा तो किडकिडीत कारकून, ज्याला कळतं की एका यानात कोणाचं तरी दुःख भरलंय आणि म्हणून ते कागदापेक्षा दोन किलो जास्त भरतंय. तू म्हणायचास, फालतू. मला वाटतं तू तो सोमवारी नीट ऐकलाच नाहीस, वडा खात होतास.

ते तीनशे बाराचं म्हणशील, तर तो भाग तू सोडूनच दे. मी मध्ये कधीतरी बघायला घेतला होता, प्रिंट अगदी बेकार आहे, आवाज मधूनमधून जातो. आणि तसा काही खास नव्हता रे तो. मी पत्रात जरा रंगवून लिहिला असेल, तेव्हा आपलं वयच तसं होतं. त्याच्याऐवजी शेवटचा भाग बघा सगळे मिळून, तो छान आहे, सगळे जुने बंदरमास्तर येतात त्यात.

यायचं म्हणतोय. पण गुडघा फार धरलाय, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. बघू, दिवाळीनंतर.

टेरेझा बरी आहे ना?

तुझा
उत्तम


मीरा रोड
१२ सप्टेंबर २०२५

चि. क्रिस्टल,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, पप्पांना दाखवू नकोस. एक छोटं काम होतं. ‘सातवं बंदर’चा भाग तीनशे बारा तेवढा तुमच्या टीव्हीवरच्या यादीतून काढून टाकता येईल का? तुमच्या पिढीला हे सगळं येतं. किंवा सांग की तो भाग कोणी टाकलेलाच नाही, त्या माणसाकडे कॅसेट नव्हती. कारण विचारू नकोस, बेटा. पप्पांना त्रास होऊ नये एवढंच.

तुझा
उत्तम अंकल


मीरा रोड, दवाखाना
१६ सप्टेंबर २०२५

उत्तम अंकल,

तुम्ही कारण विचारू नको म्हणालात, त्यामुळे मी तो भाग बघितला. त्याच दिवशी, बसमध्ये, इअरफोन लावून. प्रिंट एकदम क्लिअर आहे. आवाज पण जात नाही.

सात महिने ती बाई रोज हजेरी घेते. शेवटच्या दिवशी यानाचं नाव पुकारते, थांबते, वहीत लिहिते “आलं नाही”, आणि पुढचं नाव पुकारते. संपलं. कोणी येत नाही. सत्तावीस वर्षं कुठेच नाहीत. मी दोनदा बघितला, मला वाटलं दुसरा पार्ट असेल.

अंकल, हे तुम्ही केलंत ना?

मी जन्मले २००० साली. मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात “स्टीवनकाका यायचाय” हे असंच बोलतात, जसं कोणी दुबईला असतो. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आख्खं गाव दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतं. काकी घरी बसते. लहानपणी मी विचारलं तर म्हणाली, “मी कोणासाठी लावू गो? माझा कोण न्हाय तिथं.” तिच्या हातात अजून लग्नाची अंगठी आहे. मच्छी मार्केटमधल्या बायका तिच्या मागे काय बोलतात ते मला माहितेय, तिलाही माहितेय. आता ती काकांचे शर्ट धुऊन इस्त्रीला देऊन आलीय. उत्तनच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, मॅडम, ये किसका है, बहुत पुराना फॅशन है. ती म्हणाली, मेरे मिस्टर का.

मी काही डिलीट करणार नाही. तुम्ही पप्पांना सांगा. ऑक्टोबर संपायच्या आत नाही सांगितलंत तर मी सांगणार. सॉरी, पण मी सांगणार.

क्रिस्टल


मीरा रोड
५ ऑक्टोबर २०२५

बॉस्को,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. आता एका दमात लिहितो, शुद्धलेखन बघू नकोस.

‘हजेरी’चा शेवट मी बनवला. सिरीयलमध्ये तो परत येत नाही. मास्तरीणबाई वहीत “आलं नाही” लिहिते आणि पुढचं नाव घेते. बास, एवढाच तो भाग.

तुला जानेवारी नव्याण्णव आठवत नसेल. मला आठवतं. मी तुझ्या घरी आलो होतो. तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. बोट तू चालवत होतास आणि स्टीवनचा हात तुझ्या हातातून सुटला, एवढंच तू तीन दिवस सांगत होतास, आणि मग तेही बंद. टेरेझाने पेज आणली, एकवीस वर्षांची पोर ती, तिने तुला भरवायला घेतलं तर तू तोंड मिटलंस. तुझी आय मला दाराशी नेऊन म्हणाली, “एक गेला, दुसरा पण जाताना दिसतोय.” मी परत येताना बसमध्ये रडलो, कंडक्टरने तिकीटही मागितलं नाही.

आणि फेब्रुवारीत नेमका तो भाग लागला. दर रविवारी तुला पत्र पाठवायचं कबूल केलेलं. लिहायला बसलो, “वहीत लिहिते” इथपर्यंत आलो आणि पेन पुढे जाईना. तुला मी कसं लिहू रे, आलं नाही म्हणून? म्हणून आणला परत. सत्तावीस का, तर मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, मला तो आख्खा जन्म वाटायचा. म्हटलं, इतक्या वर्षांनी कोण विचारायला येणार आहे! एक, दोन वर्षं लिहिली असती तर तुम्ही वाट बघितली असतीत, म्हणून मुद्दाम मोठा आकडा टाकला. बघ माझी अक्कल. ज्याचं माणूस हरवलंय त्याला आकडा सांगितला मी.

आठ दिवसांनी तुझ्या आयने कोणाकडून तरी निरोप पाठवला, बॉस्को जेवला. मार्चमध्ये तू बोटीवर गेलास. मला वाटलं, देव पावला. मी आरशात बघून स्वतःची पाठ थोपटली, खोटं कशाला सांगू? चादर काढल्याचं तू मला लिहिलंस तेव्हा पहिल्यांदा कळलं मी काय करून बसलोय. त्याच दिवशी यायला हवं होतं. नाही आलो. मग म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू, तोपर्यंत तिची तीच विसरेल. दर वर्षी पुढचं वर्ष. गुडघा बरा आहे माझा. तुमच्या घरी आलो की टेरेझा मला पाणी आणून द्यायची आणि विचारायची, “उत्तमभाऊ, अजून किती राहिली?” हसत विचारायची. मी पण हसत आकडा सांगायचो. वीस. अकरा. दोन. म्हणून यायचा बंद झालो.

माफी मागायला तोंड नाही. पण आठ तारखेच्या आत तिला कळायला हवं. तू सांगशील?

उत्तम


पाली
१९ ऑक्टोबर २०२५

उत्तम,

वाचलं. मग दुपारी घरात कोण न्हाय बघून तो भाग लावला. मास्तरीणबाई लिहिते ते बघितलं. पुढचं नाव घेते ना, तिथं बंद केला.

आठ दिवस तुला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, कारण आवाज न्हाय. सगळ्या दिल्या, कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या पण दिल्या.

मग एक गोष्ट वर आली ती लिहितो. ही टेरेझाला ठाऊक न्हाय, तुझ्या वहिनीला ठाऊक न्हाय. दोन हजार दोन साली वसईहून एक माणूस आला होता. विधुर, एक लहान पोरगी, नोकरी चांगली. टेरेझाला त्यानं कोणाच्या तरी लग्नात बघितलेलं. फादरना भेटून, सगळं रीतसर विचारून, मग माझ्याकडे आला. दारू पीत नव्हता. बोलायला नरम. मी त्याला सरबत पाजलं नि सांगितलं, तिचा नवरा यायचा हाय. तो म्हणाला, कधी? मी म्हटलं, अजून तेवीस वर्षं हायत. त्यानं टोपी घेतली नि गेला. टेरेझाला मी विचारलं पण न्हाय. ती तेव्हा पंचवीसची होती.

खरं काय ते सांगू? ती दुसरं लग्न करून गेली असती तर स्टीवन मेला असता. माझ्या घरात, माझ्या हातानं. ती इथं बसून वाट बघत होती तोवर मी फक्त हात सोडलेला, मारलेला न्हाय. तुझ्या गोष्टीच्या आडोशाला मी लपलो उत्तम. तू एक पत्र लिहिलंस. मी रोज त्याला पाणी घातलं. पण तू सांगायला पाहिजे होतंस. सत्तावीस वर्षांत एकदा. ते तुझ्यावर हाय, ते मी उचलणार न्हाय.

डॉक्टरणीनं आता दिवसाला दहा शब्द बोलायला दिलेत. मी टेरेझाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो, ती भिंतीला रंगाचा दुसरा हात मारत असते, आणि दहातला एक पण निघत न्हाय. तू लिही. माझ्या नावानं नको, तिच्या नावानं लिही. वसईच्या माणसाचं मी सांगेन.

बॉस्को


मीरा रोड
२८ ऑक्टोबर २०२५

सौ. टेरेझा यांस,

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. पहिलंच लिहितोय ते असं.

नव्याण्णव साली बॉस्कोने तुम्हाला ‘सातवं बंदर’मधली जी गोष्ट वाचून दाखवली, तिचा शेवट खोटा होता. मी मनाने लिहिला होता. सिरीयलमध्ये त्या बाईचा नवरा परत येत नाही. सत्तावीस हा आकडा मी असाच, सुचला म्हणून टाकला. त्याला कसलाही आधार नाही. बॉस्कोला हे आता आता कळलं, त्याचा यात दोष नाही.

तुम्ही मला दर वेळी विचारायचात, किती राहिली. मी सांगत राहिलो. तुम्ही मला काय म्हणाल ते कमीच आहे.

उत्तम


पाली
१० नोव्हेंबर २०२५

उत्तमभाऊ,

तुमचं पत्र क्रिस्टलनं आणून दिलं. माझ्या हातात दिल्यावर ती तिथंच उभी राहिली, म्हणून मी ते तिच्यासमोर वाचलं न्हाय. गच्चीवर बोंबील वाळत घातले होते, तिथं बसून वाचलं.

खरं सांगते, मी मानलं न्हाय. म्हणजे तुमचं लिहिणं खरं असेल हे कळलं. पण दिवस अजून राहिले होते. सत्तावीस वर्षं काढली, आणि अकरा दिवसांसाठी कशाला उठू? दोन तारखेला गाव मेणबत्त्या घेऊन गेलं. मी न्हाय गेले. सहा दिवस होते अजून.

आठ तारखेला शनिवार होता. खोलीचा रंग सुकला होता. मी सकाळी डोक्यावरून न्हाले, सुरमईचं कालवण केलं, चिंच जास्त घालून, त्याला तसं लागायचं. दार उघडं ठेवून बसले. क्रिस्टलनं कामावर सुट्टी घेतली होती, ती नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. एकदा गल्लीत स्कूटरवरून कोण उतरला, मी उठून उभी राहिले. कुरिअरवाला होता. बाजूच्या घराचा पत्ता विचारत होता.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. तेव्हा मी क्रिस्टलला म्हटलं, लाव तो भाग. बघितला. ती बाई चांगली करते काम. लिहायला तिला वेळ लागत न्हाय, फक्त त्याच्याआधी पेनाचं टोपण काढते आणि ते कुठं ठेवावं कळत न्हाय तिला. ते खरं वाटलं.

मग आमच्या दिरांनी एक कागद माझ्या हातात दिला नि पाठ करून उभे राहिले. वसईच्या माणसाचं लिहिलं होतं त्यात. त्यांच्याशी मी अजून बोलले न्हाय. ते मना माझ्याजवळ ठेवू दे थोडे दिवस. त्या माणसाची पोरगी आता मोठी झाली असेल, तिचं लग्न झालं असेल, असं उगाच मनात येतं.

तुमचा राग येतो का ते मी बघितलं. येतो. तुमची बायको, तुमचा मुलगा, तुमचा गणपती, आणि माझी वर्षं तुम्ही हसत हसत मोजून दिलीत. एका तासाची बस हाय. हे मी विसरणार न्हाय आणि विसरले असं दाखवणार पण न्हाय.

पण रात्री जेवणं झाल्यावर मी त्याचा फोटो खाली काढला. लग्नातला. इतकी वर्षं रोज बघायचे, पण ‘कधी येशील’ म्हणून बघायचे, नीट कधी बघितलाच न्हाय. आणि त्या रात्री बघितला तर तो चोवीस वर्षांचा पोर हाय, उत्तमभाऊ. मिशी पण धड फुटलेली न्हाय. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. तुमच्या गोष्टीत तो तसाच तरणा येतो, ते ऐकून मी तेव्हा लाजले होते. आता बघितलं तर वाटलं, केवढंसं हे लेकरू, थंड पाण्यात एकटं. बायकोनं नवऱ्यासाठी रडावं ते रडायचं राहूनच गेलं माझं. ते वय निघून गेलं. मी त्याला आयसारखी रडले.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता त्याच्या नावानं मिस्सा हाय. फादरना मीच जाऊन सांगितलं. दिरांना अजून गाता येत न्हाय, तेव्हा त्यांच्या बाजूला कोणी तरी बसायला लागेल. तुम्ही या. काय लिहून आणू नका.

टेरेझा